‘५/१५०’ : आवृत्ती की प्रत?

प्रश्न असा आहे : ब्रिटिश कलावंत डेमियन हर्स्टच्या ‘द लास्ट सपर’ (१९९९) या, औषधाच्या खोक्यांसारख्या दिसणाऱ्या स्क्रीनप्रिंट्सच्या संचाविषयी इंग्रजीत ‘१३ प्रिंट्स, एडिशन ऑफ १५०’ असं लिहितात. मराठीत प्रिंटला ‘छापील चित्र’ आणि एडिशनला ‘आवृत्ती’ म्हणावं का? ‘स्क्रीनप्रिंट’ला काय म्हणावं, आणि या कामाला ‘विडंबन’ म्हणता येईल का?

‘छापील चित्र’ आणि ‘आवृत्ती’ दोन्ही नकोत. ‘आवृत्ती १५०’ वाचलं की मराठी वाचकाला दीडशेवी आवृत्ती वाटते. पुस्तकाच्या आवृत्त्या मागणीनुसार निघत राहतात. इथे आकडा आधी ठरतो आणि तेवढ्या प्रती झाल्या की छपाईची जाळी म्हणजे स्क्रीन धुऊन टाकतात, धातूची प्लेट असेल तर तिच्यावर ओरखडे मारतात. म्हणून ‘१३ चित्रांचा संच, मर्यादित १५० प्रती’ असं लिहा. कडेला पेन्सिलीने लिहिलेलं ५/१५० म्हणजे दीडशेपैकी पाचव्या क्रमांकाची प्रत. पण ती पाचवी छापली गेली असेलच असं नाही. कागद वाळत घालताना क्रम बदलतो, क्रमांक आणि सही नंतर होते. ‘१/१५०’ जास्त अस्सल, या समजुतीला स्क्रीनप्रिंटमध्ये काहीच आधार नाही. ‘ए.पी.’ (आर्टिस्ट्स प्रूफ) म्हणजे कलावंताने स्वतःसाठी राखलेली प्रत. ती दीडशेच्या बाहेरची, साधारण दहा टक्क्यांपर्यंत.

प्रिंटला ‘मुद्राचित्र’ हा शब्द चांगला रुळला आहे. ‘छापील चित्र’ म्हटलं की दुसऱ्या एखाद्या चित्राची नक्कल डोळ्यांपुढे येते. १८९४मध्ये सुरू झालेल्या रविवर्मा प्रेसचे देवादिकांचे ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखे दिसणारे रंगीत छाप, तसे होते : मूळ तैलचित्र वेगळं, त्यावरून रंगागणिक एकेक दगड तयार करून छपाई. हर्स्टच्या संचामागे रंगवलेलं मूळ नाही. छापलेली प्रत हेच मूळ.

‘स्क्रीनप्रिंट’ मात्र तसाच ठेवा. लग्नपत्रिकांमुळे तो घरोघरी माहीत आहे. फ्रेमवर ताणलेल्या जाळीला प्रकाशाने कडक होणारा इमल्शनचा लेप लावतात, वर पॉझिटिव्ह (पारदर्शक फिल्मवरचं काळं चित्र) ठेवून प्रकाश देतात, मग पाण्याने धुतात. झाकलेला भाग सुटतो आणि तेवढ्यातून स्क्वीजीने (रबरी पात्याच्या पट्टीने) ओढलेला रंग उतरतो. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन. हर्स्टची चित्रं सुमारे दीड मीटर उंच, सपाट रंगांची, बारीक अक्षरांची. अशा कामात कागद केसभर हलला तरी दोन रंगांच्या सांध्यात पांढरी रेघ दिसते किंवा रंग एकमेकांवर चढून गडद काठ उमटतो. रंग जाळीतच वाळला तर अक्षरांच्या बारीक रेषा तुटतात. प्रदर्शनात चित्राच्या मध्याआधी हे काठ बघा.

राहिला ‘विडंबन’ हा शब्द. तो इथे चपखल आहे, पण विडंबन औषधाच्या खोक्याचं आहे. वेष्टनावर औषधाच्या नावाजागी ‘सँडविच’, ‘सॉसेजेस’, ‘ऑम्लेट’ आणि कंपनीच्या जागी खुद्द हर्स्टचं नाव. शेवटच्या भोजनाला बसलेले येशू आणि बारा शिष्य मिळून १३ हा आकडा श्रद्धेची चौकट पुरवतो. टोला आहे तो गोळीवरच्या आपल्या श्रद्धेला. तेव्हा ‘धर्माचं विडंबन’ लिहू नका. शीर्षक मराठीत हवंच असेल तर ‘शेवटचं भोजन’ करा; ‘प्रभुभोजन’ म्हटलं तर चर्चमधला विधी समजला जाईल.