झिप केल्यावरही फोल्डर हलका का होत नाही?

प्रश्न : मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. इमारतीचा पुनर्विकास करायचे ठरल्यामुळे मंजूर नकाशे, करारनामे आणि जुनी इतिवृत्ते स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवली आहेत. वास्तुविशारदांना तो ईमेलने पाठवायचा आहे. परंतु ६४ एमबीचा फोल्डर झिप केल्यावरही ६१ एमबीच भरला. माझे काही चुकते आहे का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपले काहीही चुकलेले नाही. ईमेलला फोल्डर जसाच्या तसा जोडता येत नाही, म्हणून त्याची एक फाइल बांधणे हे झिपचे पहिले काम, आणि ते झाले आहे. आकार कमी करणे हे दुसरे काम मात्र आत काय आहे त्यावर अवलंबून असते. १९८९ मध्ये फिल कॅट्झ यांनी आणलेल्या या पद्धतीत पुन्हा पुन्हा येणारा मजकूर दरवेळी न लिहिता, ‘इतकी अक्षरे मागे जा आणि तिथली इतकी अक्षरे उचल’ एवढीच खूण ठेवली जाते. सभासदांच्या साध्या मजकूर यादीत संस्थेचे नाव प्रत्येक ओळीत असेल, तर ती यादी कितीतरी आटते. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मात्र पानांची चित्रे असतात आणि ती बहुधा आधीच दाबलेली असतात. नव्या वर्ड आणि एक्सेल फाइली तर मुळातच झिप असतात.

म्हणून आकार कमी करायचा तो स्कॅन करतानाच. ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने, घेतलेल्या एका ए-फोर पानात सुमारे ८७ लाख ठिपके असतात. १५० डीपीआय ठेवल्यास ते एक चतुर्थांश होतात आणि टंकलिखित इतिवृत्त तरीही स्वच्छ वाचता येते. ज्या पानांवर जांभळ्या शाईचे शिक्के आहेत ती रंगीत राहू द्यावीत, बाकीची करड्या छटेत घ्यावीत. नकाशांच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये, कारण मापांचे बारीक आकडे पुसट झाले तर वास्तुविशारदांना त्या फाइलींचा उपयोग होणार नाही.

जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. परंतु पाठवताना जोडलेल्या फाइलीचे रूपांतर अक्षरांत होत असल्याने ती सुमारे एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे प्रत्येक ईमेलमध्ये १८ एमबीपेक्षा अधिक जोडू नये. नकाशांची एक आणि इतर कागदांची दुसरी, अशा स्वतंत्र झिप केल्यास शोधणाऱ्यालाही सोयीचे जाते. विंडोज ११ मध्ये फोल्डरवर राइट क्लिक केल्यावर झिपचा पर्याय मिळतो.

सभासदांची आधार व पॅन कार्डे त्या फोल्डरमध्ये असतील तर ती आधी बाहेर काढावीत, हे मी आग्रहाने सांगेन. पाठवणे अटळच असेल, तर सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रॅममध्ये एईएस-२५६ ही फाइल कुलूपबंद करण्याची पद्धत निवडून पासवर्ड घालावा आणि तो ईमेलमध्ये न लिहिता फोनवर सांगावा. पासवर्ड घातला तरी झिपमधील फाइलींची नावे कोणालाही दिसतात, त्यामुळे त्या नावांत सभासदाचे नाव किंवा आधार क्रमांक नसावा.