पेन ड्राइव्ह दुकानातच राहतो का?

तुमचा प्रश्न असा: दुकानाचा टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा दर शनिवारी पेन ड्राइव्हवर घेतो, घरचे फोटो गुगल ड्राइव्हला सिंक आहेत, एवढं पुरेल का? माझ्या मते नाही पुरणार. पण आधी सांगा, तो पेन ड्राइव्ह शनिवारनंतर असतो कुठे?

हे विचारायला कारण आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा मी तिथल्या पाच-सहा दुकानांचे कॉम्प्युटर बघत होतो. त्यातल्या एका व्यापाऱ्याचा बॅकअप अगदी नियमित. रोज संध्याकाळी, न चुकता. फक्त हार्ड डिस्क टेबलाच्याच खालच्या खणात ठेवलेली. कॉम्प्युटर बुडायच्या आधी ती बुडाली. शेवटी सीएकडे पाठवलेल्या फाइली आणि जीएसटी पोर्टलवरची रिटर्न्स समोर ठेवून वर्षाच्या नोंदी पुन्हा घालाव्या लागल्या. दोन महिने गेले त्यात.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ चा हिशोब तुम्ही ऐकला असेल: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. लोक पहिल्या दोन्ही गोष्टी करतात आणि शेवटची राहते. तुमच्यासाठी उपाय सोपा आहे. दोन पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या. एक या आठवड्यात दुकानात, दुसरी घरी, शनिवारी अदलाबदल. काम झालं की डिस्क काढून ठेवायची, लावून ठेवायची नाही. मे २०१७ मधल्या वॉनाक्रायसारखं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस, आत शिरलं की जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही कुलूप लावतं. पेन ड्राइव्ह फाइल इकडून तिकडे न्यायला ठीक, जपून ठेवायला मी वापरत नाही.

आता फोटो. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. मुलाने लॅपटॉपवरचा फोल्डर उडवला तर ड्राइव्हवरूनही तो उडतो. ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो, पण लग्नाचे फोटो गेलेत हे ३० दिवसांत कुणाच्या लक्षात येतं? ते बहुधा वाढदिवसालाच कळतं. म्हणून फोटोंची एक प्रत त्याच हार्ड डिस्कवर, वर्षावार फोल्डर करून.

टॅलीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण खरी फजिती तिथेच होते. बॅकअप घेतला म्हणजे झालं, असं नसतं. तो उघडतो का ते बघायचं. गिटलॅबसारख्या, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचा चालू डेटाबेस ३१ जानेवारी २०१७ ला चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती, आणि हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं. तिथे आपण कोण? तर तीन महिन्यांतून एकदा टॅलीप्राइममध्ये ऑल्ट+वाय दाबून रिस्टोअर करून, म्हणजे बॅकअपमधला डेटा परत आणून, बघा. मात्र नवा, रिकामा फोल्डर देऊन! चालू डेटाच्या फोल्डरवर रिस्टोअर केलंत तर आजच्या नोंदींवर जुन्या बसतील. मग शेवटची दोन बिलं आणि बँकेची शिल्लक ताडून पाहा.

आणि आठवड्यातून एकदा दुकानाला कमी पडतं. शुक्रवारी मशीन बसलं तर सहा दिवसांची बिलं गेली. रोज दुकान बंद करताना घ्या. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर ऑगस्ट २०२२ पासून हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज, भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं नियमानेच आलं. त्याचं सीएंना विचारा. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायची असतात, तेव्हा मार्चअखेरचा बॅकअप दरवर्षी वेगळा ठेवा, त्यावर नवा चढवू नका.

घरचा लॅपटॉप विंडोज ११ चा असेल तर त्याची डिस्क बहुतेक आधीच एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, असते. तिची ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे अडलं तर ते कुलूप उघडायचा नंबर, आजच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून बघून कागदावर उतरवा आणि पासबुकाच्या फाइलीत ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको.