दोन्ही खांदे, दोन्ही खुबे : दाखवायचं कोणाला?

प्रश्न : माझं वय ६६. शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, राहते कराडला. दिवाळीनंतर दोन्ही खांदे दुखायला लागले, मग दोन्ही खुबे आणि मांड्या. पहाटे कूस बदलता येत नाही, उठून बसायला मिस्टर हात देतात. अंबाडा घालायला हात वर जात नाही. अकरा वाजले की अंग मोकळं होतं, संध्याकाळी मंडईतही जाऊन येते. त्यामुळे घरच्यांना वाटतं, बाई सोंग करते. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून वयोमानाने झीज सांगितली. दुसऱ्यांनी फ्रोझन शोल्डर म्हणून खांद्यात इंजेक्शन घ्या म्हटलं, तिसऱ्यांनी मणक्याचा एमआरआय. आरए फॅक्टर ही संधिवाताची रक्ततपासणी निगेटिव्ह आली, तर लॅबवाला म्हणाला, वात नाही. शुगरची गोळी चालू आहे. आता कोल्हापूरला न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवू का?
— एक वाचक, कराड

उत्तर : बाई, न्यूरोकडे इतक्यात नको. झिजेचं दुखणं सहसा वापराने वाढतं आणि पडून राहिलं की उतरतं. तुमचं उलट आहे. रात्रभराच्या विश्रांतीने अंग आखडतं आणि हालचालीने सुटतं, तेही काही तासांनी. असं असलं की आत दाह आहे का, ते बघावं लागतं. सोंग करणारा माणूस रोज इतकी वेळ पाळत नाही, एवढं वाक्य घरी मोठ्याने वाचून दाखवा.

मधुमेहात खांदा धरतो हे खरं, कधी दोन्हीही धरतात. पण फ्रोझन शोल्डरने खुबे दुखत नाहीत. आणि एक्स-रेतली झीज? सासष्टाव्या वर्षी कोणाचाही फोटो काढा, कुठेतरी ती दिसणारच. दिसली म्हणजे दुखण्याचं कारण तीच, असं नाही.

पत्रावरून निदान होत नसतं. तरी पन्नाशीनंतर दोन्ही खांदे, दोन्ही खुबे आणि सकाळचा पाऊण तासाहून जास्त ताठरपणा असं एकत्र आलं की पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका हा दाहाने खांदे-खुबे आखडणारा आजार आठवायलाच हवा. बायकांना तो जास्त होतो. यात आरए फॅक्टर बहुधा निगेटिव्हच असतो, म्हणजे लॅबवाल्याचा निकाल बाजूला ठेवा. (रिपोर्ट देणाऱ्यानेच निदानही सांगायचं, ही पद्धत आपल्याकडे कधी पडली कोण जाणे.) ईएसआर आणि सीआरपी या अंगातला दाह दाखवणाऱ्या साध्या रक्ततपासण्या मात्र तुमच्या पत्रात कुठेच नाहीत. त्या करा. सोबत सीबीसी, थायरॉइड, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि स्नायूंसाठी सीपीके. कोलेस्टेरॉलची गोळी घेत असाल तर तेही सांगा, तिनेही स्नायू दुखतात.

हे सगळं कराडमध्येच एखाद्या एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे होईल. ईएसआर, सीआरपी वाढलेले आले तर चिठ्ठी घेऊन संधिवाततज्ज्ञांकडे, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे जा. पाटीवर 'डीएम, ऱ्हुमॅटॉलॉजी' किंवा 'क्लिनिकल इम्युनॉलॉजी' असं शोधा. 'जॉइंट रिप्लेसमेंट' लिहिलेले डॉक्टर शस्त्रक्रियेचे. आत्ता त्यांचं काम नाही.

बाकी वाचकांनी मात्र यावरून हाडांच्या डॉक्टरांना टाळू नये. एकाच बाजूला जांघेत दुखतंय, लंगडायला होतंय, त्यात दारू किंवा पूर्वी स्टिरॉइडचा मोठा डोस, अशा तरुण माणसाने आधी त्यांच्याकडेच जावं. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. तिथे सुरुवातीचा एक्स-रे चक्क नॉर्मल येतो आणि एमआरआयच लागतो.

पॉलिमायल्जिया ठरलाच तर उपचार प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळीचा, बहुधा दिवसाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास. बऱ्याच जणांना काही दिवसांतच इतका फरक पडतो की त्यांचा विश्वास बसत नाही. नेमकी तिथेच चूक होते. बरं वाटलं म्हणून गोळी परस्पर सोडायची नाही. ती हळूहळू उतरवत न्यायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. तपासण्या होईपर्यंत ते खांद्यातलं इंजेक्शन थांबवा. त्यातही बहुधा स्टिरॉइडच असतं, त्याने शुगर चढते आणि चित्रही गढूळ होऊ शकतं. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांचंही तेच, काहींत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे.

एका बाबतीत थांबू नका. कानशिलात नवीन डोकेदुखी, केस विंचरताना डोकं दुखरं लागणं, भाकरी चावताना जबडा भरून येणं, नजर अंधुक होणं किंवा एकाचे दोन दिसणं, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. या आजारासोबत कधी कधी डोक्याच्या रक्तवाहिन्यांनाही सूज येते, आणि त्यात गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही.

प्रेडनिसोलोनची गोळी सुरू झाली तर शुगर वाढेल आणि हाडांकडेही लक्ष द्यावं लागेल. शुगरच्या डॉक्टरांना ती सुरू व्हायच्या आधीच कळवा.