स्क्रॅबलमध्ये हातातल्या सात अक्षरांतून जास्त गुणांचा शब्द कसा शोधावा?

सातही टाइल्स एकदम संपवणारा शब्द आधी शोधा, कारण त्याला 50 गुण जादा मिळतात. त्यासाठी 'आयएनजी', 'ईडी', 'ईआर' असे शेवट किंवा 'आरई', 'यूएन' अशा सुरुवाती बाजूला काढा आणि उरलेलीच अक्षरं फिरवत बसा. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही प्रत्येकी फक्त 1 गुणाची. पण त्यांतून 'रिटेन्स', 'नॅस्टिअर', 'रेटिनाज' होतात आणि पटावरच्या गुण वाढवणाऱ्या रंगीत घरांशिवायच 57 गुण पदरात पडतात. 'क्विझ'मध्ये क्यू आणि झेड दोन्ही असून 22च! म्हणून एस आणि कोरी (कुठल्याही अक्षराच्या जागी चालणारी) टाइल किरकोळ शब्दांवर उधळू नका.

अपवाद एकच, पण मोठा: रंगीत घरांमुळे कधी छोटा शब्दही सात अक्षरी शब्दाला मागे टाकतो. अ‍ॅनाग्राम (तीच अक्षरं फिरवून होणारे शब्द) शोधणारी अ‍ॅप्स (अर्थात सरावापुरतीच) बहुतेक वेळा अक्षरांचेच गुण मोजतात, पट बघत नाहीत. तिप्पट अक्षराच्या घरावर क्यू ठेवून आडवा-उभा दोन्हीकडे 'क्यू-आय' हा दोन अक्षरी शब्द जुळला, तर 31 अधिक 31, म्हणजे 62.