भाल्याने मासेमारी: ऐरोलीच्या नव्या मित्रासाठी

भाला लगेच घेऊ नकोस. आधी मास्क, स्नॉर्कल (श्वासाची नळी) आणि फिन्स (पायात घालायचे कल्ले) घे आणि वाशी-ठाण्याच्या एखाद्या तरणतलावात सराव कर. तोही प्रशिक्षकासमोरच. खाडीत उतरायचा विचार सोड. तिथे गाळामुळे हातभर पुढचं दिसत नाही, शिवाय ऐरोली-वाशीचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्यात येतो.

सुरुवातीला एवढं सांभाळ:

- एकट्याने बुडी मारायची नाही. एक जण खाली, दुसरा वर, नजर खालच्यावर. वर आल्यावरही अर्धा मिनिट नजर हटवू नये, कारण शुद्ध बऱ्याचदा पृष्ठभागावर आल्यावरच हरपते.
- बुडीआधी भराभर मोठे श्वास घेऊ नकोस. नवखे हमखास हेच करतात. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड घटतो. मग श्वासाची ओढ उशिरा लागते आणि माणूस पूर्वसूचनेशिवाय बेशुद्ध होतो. चांगले पोहणारे यातच गेलेत, म्हणून इतकं बजावतोय.
- कान दुखायची वाट पाहू नकोस, पहिल्या मीटरपासून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकत कानांतला दाब सारखा करत जा, म्हणजे कान 'सुटतात'. सर्दी असेल तर उतरूच नको.
- शिशाचा पट्टा (खाली जायला कमरेला बांधायचं वजन) हलकाच ठेव.

समुद्रात जायचं ते पावसाळ्यानंतर, पाणी निवळल्यावर. उधाण टाळ, भांगाचे (भरती-ओहोटी कमी असते ते) दिवस बघ. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून संरक्षित आहे, त्यामुळे कुठेही भाला नेण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागात नियम विचार.

पाण्यात मासा असतो त्यापेक्षा मोठा आणि जवळ दिसतो. पुढे तांबोशी, हेकरू असे मासे समोर आले की हे आठवेल. नेम, भाला सोडणारं रबर, भाल्याची लांबी यांचं नंतर बोलू. तलावात कान नीट सुटायला लागले की कळव.