पावतीची मागची बाजू

सेलूच्या एका वाचकाचं पत्र आहे. पणजोबांच्या काळचा एडिसनचा सिलिंडर फोनोग्राफ, म्हणजे मेणाच्या नळीवर आवाज उतरवणारं आणि वाजवणारं जुनं यंत्र, सोबत मेणाचे सहा सिलिंडर. त्यांतल्या एका तपकिरी सिलिंडरवर पणजोबांनी स्वतःच्या आवाजात म्हणून ठेवलेला अभंग. फेब्रुवारी २०२१ मध्ये हे सगळं त्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेऊन दिलं. अंदाज अठरा हजारांचा, आगाऊ सहा हजार. पाच वर्षं उलटली. आता तो म्हणतो, मशीन विसरा. पावतीवर छापलंय, वाचा: '३० दिवसांत माल न नेल्यास दुकान जबाबदार नाही.' या वाचकाचे प्रश्न तीन. या ओळीने हक्क गेला का? मुदत संपली का? पोलिसांत जाऊ का?

असली पत्रं मला नेहमी येतात. फक्त वस्तू बदलते. कुणाची हार्मोनियम, कुणाच्या आईच्या पाटल्या, कुणाच्या ट्रॅक्टरचं इंजिन. आणि प्रत्येकाला त्या छापील ओळीचीच धास्ती.

ती ओळ सोडून द्या. जबाबदारी नाही म्हणणं वेगळं आणि मालक झालो म्हणणं वेगळं. शिवाय काम तयार झाल्याचा निरोपच कधी आला नाही, तर तीस दिवस मोजायचे कुठून? तुमच्या दाव्याचा जीव त्या ओळीत नाही. तो तुमच्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर, तुम्ही सहज लिहून गेलेल्या एका वाक्यात अडकलाय: '२०२२ च्या पोळ्याला फोन केला तेव्हाच तो म्हणाला होता, मशीन मिळणार नाही, परत फोन करू नका.'

हे वाचून मी चष्मा काढून ठेवला.

मुदत कायदा १९६३, अनुच्छेद ७०. ठेवायला दिलेली जंगम वस्तू परत मिळवण्याच्या दाव्याला मुदत तीन वर्षं, आणि ती मोजायची वस्तू दिल्या दिवसापासून नव्हे, तर मागणी केल्यावर नकार मिळाला त्या दिवसापासून. म्हणजे २०२१ पासून पाच वर्षं झाली याने काही बिघडत नाही. पण पोळ्याचा तो फोन नकार धरला, तर तीन वर्षं ऑगस्ट २०२५ मध्येच संपली. दुरुस्तीला दिलेली वस्तू म्हणजे 'ठेव' का, यावर समोरचे वकील घोळ घालतील. घालू द्या. ते अनुच्छेद ९१ कडे, म्हणजे वस्तू बेकायदेशीर अडवून ठेवल्याच्या भरपाईच्या मुदतीकडे, गेले तरी तिथे ताबा बेकायदेशीर कधी झाला हे बघावं लागतं, आणि तुमच्या बाबतीत ते पुन्हा नकारापाशीच येतं.

आता तुम्ही म्हणाल, मग फोनचा उल्लेखच करू नये. करायचा. उलटतपासणीत तुमच्याच तोंडून तो निघेल आणि मग बाकी खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. मात्र नेमकं काय बोलणं झालं ते आठवा. 'पार्ट मिळत नाही, नंतर बघू' हा नकार नाही. 'त्याची नियत तेव्हाच फिरली होती' हा तुमचा समज आहे, पुरावा नाही. पण तुम्ही लिहिलंय तसंच तो बोलला असेल, तर तो नकारच आहे आणि आपण तो धरूनच चालायचं.

म्हणून मी तुम्हाला फोन करून एवढंच विचारलं, पावतीच्या मागे काही लिहिलंय का? तुम्ही पुढच्या बाजूचा फोटो पाठवला होता. मागच्या बाजूचा पाठवायला दोन दिवस घेतलेत, कारण पावती आधार कार्डांच्या पिशवीत होती. फोटो आला. निळ्या बॉलपेनने, उतरत्या अक्षरात: 'रु. ४,००० मिळाले. बाकी ८,०००. मशीन व ६ नळ्या माझ्याकडे आहेत. काम करून देतो.' खाली सही, त्याखाली २७/८/२३.

पाच वर्षांच्या या सगळ्या व्यवहारात तुमच्या हातून घडलेली ही एकमेव शहाणपणाची गोष्ट, आणि तीही तुम्ही केलेली नाही; हिशेब लिहून द्यायची सवय त्याची.

मुदत कायद्याचं कलम १८ असं: मुदत संपायच्या आत समोरच्याने लेखी आणि सहीनिशी तुमचा हक्क कबूल केला, तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. पोळ्याचा नकार २०२२ चा, कबुली २०२३ ची. तीन वर्षांच्या आतली. म्हणजे अगदी वाईटात वाईट धरलं तरी तुमची मुदत २७ ऑगस्ट २०२६ पर्यंत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पुन्हा 'विसरा' म्हणाला, त्यापासून मोजलं तर २०२८ येतं, पण त्या आकड्यावर मी माझं स्वतःचं घड्याळही पैजेला लावणार नाही. मी हे जूनच्या पहिल्या आठवड्यात लिहितोय. दावा १५ ऑगस्टच्या आत दाखल झाला पाहिजे. मधल्या काळात 'एकदा गावातल्या चार लोकांना घेऊन भेटून बघतो' असं करत बसू नका. पाच वर्षं तेच केलंत.

वादपत्रात एक परिच्छेद मात्र तुमच्या वकिलाने विसरता कामा नये. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ७, नियम ६: मूळ मुदत उलटून गेल्यावर दावा आणत असाल, तर कोणत्या आधाराने सूट मागता ते वादपत्रातच लिहावं लागतं. पोळ्याचा फोन, मग २७ ऑगस्टची सही, मग कलम १८, या क्रमाने, लपवाछपवी न करता. हे नसेल तर प्रतिवादी आदेश ७ नियम ११ खाली अर्ज टाकेल, की दावा मुदतीबाहेर आहे, उंबरठ्यावरच फेटाळा. आणि त्या अर्जावर निकाल यायलाच आमच्याकडे वर्ष जातं.

पावतीवर 'परत देण्याची तारीख' हा रकाना कोरा आहे. एरवी मी यावरून तुम्हाला झापलं असतं. पण 'मे २०२१' असं तिथे लिहिलं असतं, तर ताबा त्या दिवसापासूनच बेकायदेशीर, असं म्हणायला त्यांना जागा मिळाली असती. मग मुदत मे २०२४ ला संपल्याचं ते सांगत बसले असते. रकाना कोरा राहिला हे बरंच झालं.

नोटिशीबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. नोटीस पाठवली की मुदत थांबते, असं कोर्टाच्या आवारातले चहावालेसुद्धा सांगतात. थांबत नाही. नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने, पोच ठेवून, उत्तराला पंधरा दिवस देऊन. पण ती मागणीचा पुरावा म्हणून. दाव्याचा मसुदा त्याच दिवशी तयार असू द्या.

नोटिशीत उरलेले आठ हजार द्यायची तयारी दाखवा. कराराच्या कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कारागिराने ठरलेलं काम केलं असेल, तर मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा त्याला हक्क आहे. काम केलंच नसेल तर नाही. त्याने काम केलंय की नाही हे तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. आठ हजार कोर्टात भरायची तयारी असली की या वादातली हवाच निघून जाते.

आता मागायचं काय. तुम्ही लिहिता, 'चार लाख नुकसानभरपाई'. मी उलटं सांगेन: वस्तूच मागा. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ८ मध्ये, पैशाने भरून न येणारी जंगम वस्तू तीच परत द्यायला लावण्याची सोय आहे, आणि पणजोबांच्या आवाजाइतकं चांगलं उदाहरण मला वकिलीत मिळालेलं नाही. पैसे पर्याय म्हणून मागा. आदेश २० नियम १० प्रमाणे कोर्टाला हुकूमनाम्यात वस्तू न मिळाल्यास किती रक्कम, हे लिहावंच लागतं. किंमत फुगवू नका, कोर्ट फी किमतीवर बसते.

पण कुठली वस्तू? इथे तुमचा निष्काळजीपणा मला खरंच खटकला. तुम्ही हौसेने अशी मशीनं गोळा करता, घरी आणखी दोन आहेत, आणि या एकाच्या पाटीवरचा नंबर लिहून ठेवलेला नाही? एडिसनच्या मशीनवर धातूची पाटी असते, तिच्यावर मॉडेल आणि क्रमांक. तो नसेल तर उद्या तो माणूस दुसरंच, निम्मे भाग भलत्याच मशीनचे असलेलं खोकं आणून ठेवेल आणि म्हणेल, हेच ते. तुमच्या पत्रातूनच मला कळलं, की दोन मिनिटांच्या जुन्या मेणाच्या सिलिंडरला एक रिप्रोड्यूसर, म्हणजे सुई बसवलेला आवाज काढणारा भाग, लागतो आणि १९०८ नंतर आलेल्या चार मिनिटांच्या, दुप्पट बारीक चरांच्या सिलिंडरला वेगळा. आणि नंतरच्या ब्लू अँबेरॉल या सेल्युलॉइडच्या कडक सिलिंडरसाठीची हिऱ्याची सुई मऊ मेणावर फिरवली तर मेण खरवडून निघतं. एवढं तुम्हाला ठाऊक, आणि नंबर नाही. लग्नाच्या जुन्या फोटोत कर्णा दिसतो म्हणता, तो फोटो शोधा. त्या फोटोत पेटीवरचा ओरखडा, चावीचं भोक, काहीही दिसत असेल तर मोठी प्रत काढा. मशीन दुकानात सोडलं तेव्हा सोबत जो कुणी होता, त्याचं नाव साक्षीदारांच्या यादीत घाला.

दाव्यासोबतच आदेश ३९ नियम ७ खाली अर्ज द्या: कोर्ट कमिशनरने जाऊन मशीन आणि सहा सिलिंडर पाहावेत, फोटो काढावेत, पाटीवरचा नंबर टिपावा. सोबत मनाई अर्ज, की वस्तू विकू नये, हलवू नये. आणि अर्जात स्पष्ट लिहा, यंत्र चालवून पाहू नये, सिलिंडर वाजवू नये. हसू नका. शंभर वर्षांपूर्वीचा आवाज म्हटल्यावर ऐकायचा मोह कुणाला होत नाही, कमिशनरलाही होईल, आणि तपकिरी मेण दर वाजवण्याला झिजतं. आवाज उतरवायचा तो एकदाच, जाणत्या माणसाकडून, वस्तू घरी आल्यावर.

तो म्हणतो तसे सिलिंडर बुरशीने गेले असतील तर? मेणाला बुरशी लागते हे खरं. पांढुरकी साय धरते आणि ती पुसून निघाली तरी खाल्लेले चर परत येत नाहीत. पण दुसऱ्याची वस्तू शहाण्या माणसाने स्वतःची जपावी तशी जपायची, हे कराराच्या कायद्याचं कलम १५१ सांगतं, आणि परत द्यायला चुकल्यानंतर वस्तूचं काही झालं तर जबाबदारी त्याची, हे कलम १६१. नमुन्यादाखल एक तरी सिलिंडर दाखव, टाकून दिले असं तोंडी नको, अशी नोटिशीत मागणी करा. आणि मुंबईत कुणी तुमच्यासारखंच मशीन विकताना पाहिल्याचं तुमचे मित्र सांगतात, त्यावर आत्ता काही बोलत नाही. नंबर जुळला तर बोलू. मालक नसलेल्या माणसाकडून घेणाऱ्याला सहसा मालकी मिळत नाही, पण त्याला अपवाद आहेत.

पोलिसांत जाऊ का? जाता येईल. विश्वासघाताचा गुन्हा जुन्या दंड संहितेच्या कलम ४०६ खाली की नव्या न्याय संहितेच्या ३१६ खाली, हे कोणती घटना १ जुलै २०२४ च्या आधीची आणि कोणती नंतरची यावर ठरेल, आणि ठाण्यात बहुतेक 'हा दिवाणी वाद आहे' असंच ऐकाल. पण मला भीती वेगळीच आहे. समजा त्यांनी गुन्हा नोंदवून मशीन जप्त केलं. मग ते मुद्देमाल होतं. मुद्देमालाच्या खोलीत, पत्र्याखाली, जप्त दुचाक्या आणि वाळूच्या टोपल्यांशेजारी. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. मेण आहे ते. सोडवून आणायला पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. मी तरी आधी दिवाणी कोर्टाचं दार ठोठावेन.

ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. तिथे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे परभणीत, तक्रार करता येते, संभाजीनगरला हेलपाटे पडत नाहीत. पण मुदत दोनच वर्षं, आणि वाईट बाजूने मोजलं तर ती संपलीय. उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, करतीलच असं नाही. तुम्ही आधी दोन मशीनं विकली आहेत, त्यावरून तुम्ही ग्राहक की व्यापारी हाही वाद निघेल. मऊ मेणाचा सिलिंडर सांभाळून ताब्यात घ्यायचा आहे, त्यासाठी कमिशनर लागेल, आणि त्याकरता मला दिवाणी दावा बरा वाटतो.

शेवटी तुम्ही हळूच विचारलंय, की परत मिळालं तर परदेशातला एक संग्राहक चांगली किंमत देतो, पाठवू का. शंभर वर्षांपुढची ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. कारखान्यात हजारोंनी बनलेलं यंत्र त्यात बसतं का, हे मी इथे बसून सांगणार नाही. पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय संभाजीनगरलाच आहे. लेखी विचारल्याशिवाय कुरिअरवाल्याकडे जाऊ नका. ज्या सिलिंडरवर अभंग आहे तो तर विकूच नका, पण तो कायद्याचा सल्ला नाही.

सोमवारी या. पावती मूळ आणा, दोन्ही बाजूंच्या झेरॉक्ससह. लॅमिनेट करू नका. सहीवर वाद निघाला तर तपासायला मूळ कागद लागेल. आणि तोवर त्या माणसाला एकही फोन करू नका. काय बोलायचं ते आता कागदावर.