दोन गर्भाशये, पण एका बाजूची वाट बंद

प्रश्न : माझी मुलगी 14 वर्षांची आहे. पाळी दर महिन्याला येते, तरी पोटात असह्य दुखते आणि दर खेपेला दुखणे वाढतेच आहे. सोनोग्राफीत दोन गर्भाशये, उजवीकडे रक्ताचा साठा आणि उजवी किडनी नसल्याचे दिसले. उजवे गर्भाशय काढावे लागेल का? पुढे तिला मूल होईल ना?

उत्तर : गर्भाशय काढायला एवढ्यात संमती देऊ नका. वर्णनावरून अडथळा बहुधा योनिमार्गात आहे. उभ्या पडद्याने मार्ग दुभागतो आणि त्यातला एक भाग खालून बंद राहतो. डावीकडची पाळी बाहेर पडत असते, म्हणूनच हे निदान हमखास लांबते.

आधी एमआरआय करा. पडद्याची जाडी, उंची आणि उजव्या गर्भाशयाला मुख आहे की नाही, हे त्यात कळते. मुख असेल तर बहुतेक वेळा पोट उघडावे लागत नाही. भूल देऊन योनिमार्गात साठ्यामुळे आलेल्या फुगवट्यात सुई घालतात, दाट काळपट रक्त आले की तिथेच छेद देतात, साठा काढतात आणि पडदा शक्य तितका पूर्ण कापून कडा विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात.

नुसते भोक पाडून रक्त काढणे मात्र टाळा. भोक आकसते, जंतू आत अडकतात आणि साठ्याचा पू होऊन गर्भनलिकांना इजा होते. शस्त्रक्रियेला वेळ असेल तर डॉक्टर गोळ्यांनी पाळी थांबवून ठेवू शकतात. पण ताप आला तर थांबायचे नाही. दिरंगाईही महागात पडते. तुंबलेले रक्त नलिकांतून उलटे पोटात जाते, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे) होतो, अवयव एकमेकांना चिकटतात. मूल होण्याला खरा धोका तो आहे.

वेळेत वाट मोकळी झाली तर दोन्हींपैकी कोणत्याही गर्भाशयात गर्भ राहू शकतो. दोन्ही जोडून एक करण्याच्या फंदात पडू नका. दिवस अपुरे असताना प्रसूती होणे किंवा बाळ पायाळू असणे याची शक्यता मात्र जास्त असते, तेव्हा गरोदरपणी हा इतिहास डॉक्टरांना सांगा.

किडनी एकच असल्याने रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने दरवर्षी तपासा. पाळीच्या दुखण्यावरच्या गोळ्याही विचारल्याशिवाय देऊ नका.

शस्त्रक्रियेनंतर साधारण 4 ते 6 आठवड्यांनी तपासणी करा आणि काही पाळ्या झाल्यावर पुन्हा सोनोग्राफी. दुखणे परतले तर वाट पुन्हा बुजली असावी. पुढच्या पाळीची वाट न पाहता दाखवा.